रंगनामे आणि सर्पनामे : कॉर्न स्नेकच्या पैदाशीतील नामकरणाचा विचार

१

पशुपक्ष्यांच्या नावांचा विचार करू लागले म्हणजे एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. एखाद्या प्राण्याला भाषेत किती नावे असावीत हे त्या प्राण्याच्या निसर्गसिद्ध विविधतेवर तितकेसे अवलंबून नसते. माणसाचा त्याच्याशी कोणता व्यवहार घडतो यावर ते अवलंबून असते. घोडा ही प्राणिशास्त्राच्या दृष्टीने एकच जात. पण मराठीत तो अबलख असतो, कुमाईत असतो, पंचकल्याणी असतो. बैल ढवळा असतो, गाय कपिला असते. कबुतरांच्या शौकिनांना लक्का आणि गिरेबाज यांतील भेद एका दृष्टिक्षेपात कळतो. या सर्व नावांनी एकाच जातीच्या पोटातील भेद दाखविले जातात.

सापांच्या बाबतीत मराठीची रीत याहून अगदी वेगळी आहे. नाग काळसर असतो, गव्हाळ असतो, पिवळटही असतो. तथापि तो नागच. क्वचित सापडणाऱ्या वर्णहीन नागाविषयी अद्भुत कथा पुष्कळ सांगितल्या जातात, परंतु त्यालाही स्वतंत्र नाव मिळालेले नाही. ‘पांढरा नाग’ असे विशेषण लावून भाषा थांबते. सर्पनामांचे काम एक जात दुसरीपासून वेगळी करण्याचे आहे, एका जातीतील व्यक्तींची प्रतवारी लावण्याचे नाही.

प्रस्तुत लेखात अशा एका सापाचा विचार करावयाचा आहे, जो गेल्या सुमारे सहा दशकांत सापांच्या नामव्यवस्थेतून निघून घोड्यांच्या नामव्यवस्थेत जाऊन बसला आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक हा तो साप होय. निरनिराळ्या रंगांच्या व नक्षीच्या कॉर्न स्नेकची पैदास आणि विक्री हा आज पाश्चात्य देशांत एक स्थिर व्यवसाय आहे. या व्यवसायाने जी परिभाषा निर्माण केली तिच्याकडे भाषाभ्यासकाने दोन कारणांसाठी पाहिले पाहिजे. एक, नाव आणि वस्तू यांचा संबंध कसा घडतो याचे हे आपल्या डोळ्यांदेखत घडलेले उदाहरण आहे. दुसरे, या सापांची आणि त्यांच्या नावांची वाट आता मुंबईच्या विमानतळापर्यंत आली आहे, आणि सापाच्या नावाने होणारा एक निराळा व्यापार महाराष्ट्रात आधीपासूनच चालू आहे.

२

प्रथम आपल्याकडील सर्पनामांची व्यवस्था पाहू. भोर घाटाच्या पायथ्याला आणि माथेरानच्या डोंगराभोवती रायगड जिल्ह्याचे कर्जत व खालापूर हे तालुके पसरले आहेत. ठाकुरवाडी या नावाच्या वस्त्या या भागात एकाहून अधिक आहेत. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या लोहमार्गावर त्याच नावाचे एक स्थानकही आहे. ठाकर आणि कातकरी या जमातींच्या बोलींची दखल ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात घेतली गेली. सह्याद्रीतील ठाकरांवरील ल. ना. चापेकर यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० चा. भातखाचरात, रानवाटेवर आणि गवताच्या गंजीपाशी जेथे माणसाची सापाशी गाठ पडते, अशा प्रदेशात सर्पनाम हा कोशातील शब्द राहत नाही, तो नित्याच्या उपयोगाचा शब्द असतो.

या नावांची घडण विविध आहे. घोणस हा संस्कृत ‘गोनस’, म्हणजे गाईसारख्या नाकाचा. धामण संस्कृत कोशांतील ‘धर्मण’ या सर्पवाचक शब्दाशी जोडली जाते. अजगर म्हणजे बोकड गिळणारा. कवड्याच्या अंगावर कवड्यांची माळ पसरल्यासारखी नक्षी असते. तस्कर म्हणजे चोर. कोठे अवयव, कोठे आहार, कोठे नक्षी, कोठे स्वभाव हा नामकरणाला आधार झाला आहे. परंतु घडण कशीही असो, या नावांचे कार्य एकच आहे, आणि ते म्हणजे व्यावर्तन. हा कोणता, आणि म्हणून याच्यापाशी कसे वागावे, हे त्या एका शब्दाने कळावे.

या व्यावर्तनावर जीवित अवलंबून असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर भारतात सर्वत्र वापरले जाणारे प्रतिविष तयार केले जाते. ही चार नावे आणि उरलेली नावे यांच्यामधील रेषा हीच सर्पनामांच्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची रेषा होय. नाव नीट ऐकले गेले नाही तर काय होते याचेही एक उदाहरण देता येते. ‘डुरक्या घोणस’ हा बिनविषारी साप. घोणस हा अत्यंत विषारी. येथे विशेषणाने केवळ प्रकार सांगितलेला नाही, विशेष्याचा मुख्य धर्मच काढून घेतला आहे. ऐकणाऱ्याच्या मनात ‘घोणस’ एवढेच पद राहिले, की त्या निरुपद्रवी प्राण्याचा अंत ठरलेला.

३

आता कॉर्न स्नेककडे वळू. लिनिअसने १७६६ मध्ये या सापाला दिलेल्या नावातील ‘गुटाटस’ या लॅटिन पदाचा अर्थ ठिपक्यांचा असा आहे. नारिंगी किंवा तपकिरी अंग, त्यावर काळ्या कडांचे तांबडे मोठे ठिपके, आणि पोटावर काळ्यापांढऱ्या चौकटी, असे त्याचे नैसर्गिक रूप असते. मक्याच्या कोठारांपाशी तो उंदरांच्या मागे येत असे म्हणून त्याला ‘कॉर्न’ हे पद लागले असे काही म्हणतात. पोटावरच्या चौकटी रंगीत दाण्यांच्या कणसासारख्या दिसतात म्हणून, असे दुसरे म्हणतात. तो बिनविषारी आहे, आणि भक्ष्याला विळखा घालून मारतो. त्याचे शास्त्रीय नाव पुष्कळ काळ ‘एलाफे गुटाटा’ असे होते. आज ते ‘पँथेरोफिस गुटाटस’ असे आहे. आपल्याकडील तस्कर या सापाचेही नाव पूर्वी ‘एलाफे हेलेना’ होते. म्हणजे ज्या सापाची आज चोरवाटेने ने-आण होते, तो आणि मराठीत ज्याला चोर म्हटले आहे तो साप, हे एकेकाळी एकाच कुलनामाखाली नांदत होते. हा केवळ योगायोग, परंतु वाचकांच्या स्मरणात राहण्यासारखा.

या सापाची पैदास फारशी कठीण नाही. हिवाळ्यात दोन-तीन महिने त्याला थंडाव्यात ठेवतात. वसंतात नर-मादी एकत्र आणतात. मादी साधारणपणे १० ते ३० अंडी घालते. सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमानात ती दोन महिन्यांच्या आसपास उबतात. पिल्ले उंदरांच्या नवजात पिलांवर वाढतात आणि दोन-तीन वर्षांत प्रजननक्षम होतात. स्वभावाने शांत, आकाराने आटोपशीर आणि संततीने विपुल असा हा प्राणी पिंजऱ्यातील जीवनाला अनुकूल ठरला.

परंतु त्याला बाजारात जे स्थान मिळाले ते एका वेगळ्या शोधामुळे. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात काळे रंगद्रव्य नसलेला एक कॉर्न स्नेक सापडला. एच. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञांनी एलिझाबेथ बेक्टेल यांच्यासह त्याची संतती वाढविली, आणि हा वर्णलोप एका अप्रभावी जनुकामुळे होतो हे १९६२ मध्ये ‘कोपीआ’ या नियतकालिकात दाखविले. अप्रभावी जनुकाचा नियम साधा आहे. आई आणि बाप या दोघांकडूनही तो मिळाला तरच त्याचा परिणाम अंगावर उमटतो. एकाकडूनच मिळाला तर प्राणी दिसावयास सामान्य असतो, परंतु ते जनुक पोटात बाळगून असतो. पुढे २०१५ मध्ये जिनिव्हा येथील संशोधकांनी या वर्णलोपाचे मूळही शोधून काढले. रंगद्रव्याशी संबंधित अशा एका जनुकाच्या मध्येच डीएनएचा एक परका तुकडा येऊन बसला आहे, आणि त्यामुळे त्या जनुकाचे वाचन बिघडते. वाक्याच्या मध्ये असंबद्ध मजकूर घुसावा आणि अर्थ नाहीसा व्हावा, तसाच हा प्रकार.

४

काळे रंगद्रव्य नसलेल्या सापाला ‘अमेलॅनिस्टिक’ म्हणतात, आणि तांबडे नसलेल्याला ‘अनएरिथ्रिस्टिक’. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला या दोन शब्दांत ओळखीची खूण दिसेल. ग्रीक भाषेत नकारवाचक उपसर्ग व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ असा येतो. ‘अज्ञान’ आणि ‘अनादर’ यांत आपण पाहतो तोच हा नियम, आणि दोन्हींचे मूळ एकच. तांबड्या रंगाचा वाचक ग्रीक ‘एरिथ्रोस’ हा संस्कृत ‘रुधिर’ शब्दाचा सगोत्र आहे. काळे रंगद्रव्य उणे असलेल्या सापाच्या नावातील ‘हायपो’ हा उपसर्ग आपल्या ‘उप’चा भाऊ होय. म्हणजे या व्यवसायातील पहिली नावे भारतीय शब्दमीमांसेच्या भाषेत यौगिक होती. अवयवांचा अर्थ जोडला की समुदायाचा अर्थ मिळे, जसा ‘ठाकुरवाडी’ या षष्ठी तत्पुरुषात ठाकुरांची वाडी हा अर्थ आपोआप मिळतो.

व्यापाराला अशी नावे फार काळ पुरली नाहीत. प्रथम त्यांचा संक्षेप होऊन ‘अमेल’ आणि ‘अनेरी’ हे शब्द उरले. त्यांतील अवयवांची जाणीव लोपली, आणि यौगिक शब्द रूढ बनले. नंतर दोन जनुके एकाच प्राण्यात एकत्र आणण्यास प्रारंभ झाला, आणि प्रत्येक जोडीला नवे, संपूर्ण रूढ नाव मिळू लागले. अमेल आणि अनेरी यांच्या योगाने ‘स्नो’ झाला. हायपो आणि अनेरी मिळून ‘घोस्ट’, अमेल आणि कॅरॅमल मिळून ‘बटर’, अमेल आणि लॅव्हेंडर मिळून ‘ओपल’, अमेल आणि चारकोल मिळून ‘ब्लिझर्ड’. हिम, भूत, लोणी, रत्न, हिमवादळ. जनुकांचा मेळ सांगण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या मनात चित्र उभे करणे हे या शब्दांचे काम आहे.

या ठिकाणी एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘स्नो’ हे नाव दिसणाऱ्या रंगाचे आहे, की न दिसणाऱ्या जनुकांचे? वरवर पाहता ते रंगाचे वाटते. परंतु स्नो आणि ब्लिझर्ड हे दोन्ही साप पांढरट, आणि दोघांची नावेही हिमाचीच. त्यांचा संकर केला तर पिल्ले कोणत्या रंगाची होतील? सामान्य माणूस पांढरी असे उत्तर देईल. प्रत्यक्षात ती सर्व तांबडी-नारिंगी निघतात. कारण अमेलचे जनुक दोन्ही बाजूंनी मिळते आणि काळा रंग जातो. परंतु तांबडा रंग घालविणारी जनुके दोघांची वेगवेगळी असल्यामुळे प्रत्येकाचे एकेकच पिलाला मिळते, आणि तांबडा रंग परत येतो. यावरून असे दिसते की ही नावे रंगनामांचा वेष घेतलेली वंशनामे आहेत. डोळ्यांना जे दिसते त्याचे वर्णन ती करीतच नाहीत असे नाही, परंतु त्यांचा खरा आशय पिढीच्या पोटात दडलेला असतो.

५

हा दडलेला आशय ज्या पदात सर्वांत स्पष्ट होतो ते म्हणजे ‘हेट’. जो प्राणी अप्रभावी जनुक बाळगतो, पण दाखवीत नाही, त्याला हे विशेषण लावतात. दोन ‘हेट अमेल’ सापांचा संकर केल्यास सरासरीने चारांपैकी एक पिल्लू अमेल होते, दोन हेट होतात आणि एक पूर्णतः सामान्य होते. अमेल पिल्लू उघड ओळखता येते. उरलेली तीन दिसावयास सारखीच. त्यांतील दोन वाहक आहेत एवढेच गणिताने कळते, कोणती दोन हे कळत नाही. म्हणून व्यापारी त्या तिघांनाही ‘६६ टक्के पॉसिबल हेट’ असे नाव देऊन विकतात. संभाव्यतेचे गणित विशेषण म्हणून नावात बसविण्याचा हा प्रकार भाषेच्या इतिहासात अपूर्व नसला तरी विरळा खचित आहे.

दोन जनुकांचा प्रश्न आला म्हणजे गुंतागुंत वाढते. दोन्ही जनुकांचे वाहक असलेल्या नर-मादीच्या १६ पिलांत सरासरीने ९ सामान्य, ३ अमेल, ३ अनेरी आणि अवघे १ स्नो अशी वाटणी होते. त्या ९ सामान्य दिसणाऱ्यांपैकी ८ काही ना काही गुप्त बाळगून असतात. अशा पिलाची किंमत त्याच्या कातडीवर नसते, विकणाऱ्याच्या शब्दावर असते. खरे-खोटे कळण्यास दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर ग्राहकाजवळ नावाखेरीज पुरावा नसतो. विशेषणाने विशेष्याचा प्रत्यक्ष गुण सांगावा ही व्याकरणाची सामान्य अपेक्षा येथे उलटली आहे. ‘हेट’ हे विशेषण म्हणजे एक वचन आहे, आणि वचन मोडता येते.

नाव जसे अदृश्याची हमी देते, तसे ते दृश्य दोष झाकूही शकते. कॉर्न स्नेकच्या बरोबरीने बाजारात असलेल्या बॉल पायथन या आफ्रिकी अजगराच्या एका नक्षीला ‘स्पायडर’ म्हणतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषांवरून हे नाव पडले. या नक्षीच्या सापांचे डोके डुगडुगते आणि त्यांना तोल सांभाळता येत नाही. त्यांच्या अंतर्कर्णाची घडणच सदोष असते हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले आहे. नक्षी आणि व्यंग एकाच जनुकाशी निगडित आहेत. नावात मात्र नक्षी तेवढी आली.

६

नावाने किंमत ठरणे आणि किमतीसाठी नाव ताणले जाणे या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. कॉर्न स्नेकच्या बाजारात ‘ओकीटी’ हे एक मानाचे नाव आहे. साउथ कॅरोलिनातील एका शिकारी संस्थेच्या जमिनीवर सापडणाऱ्या, गडद तांबड्या ठिपक्यांच्या आणि रुंद काळ्या कडांच्या सापांना ते मुळात लागले. पुढे तसा दिसणारा कोणताही साप, मग त्याचे पूर्वज कोठचेही असोत, ओकीटी म्हणून विकला जाऊ लागला. त्यानंतर ‘रिव्हर्स ओकीटी’ आला. हा म्हणजे अमेल साप, ज्याच्या ठिपक्यांच्या कडा काळ्याऐवजी पांढऱ्या. स्थलनामाचे रूपनाम झाले, आणि रूपनामाच्या पोटी त्याचे उलट नाव जन्मले. येवल्यात विणलेले वस्त्र पैठणी म्हणून मिरवते, तेव्हा अर्थविस्ताराचा असाच क्रम घडलेला असतो.

हापूसचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. पोर्तुगीज व्यक्तिनामापासून आलेला हा शब्द आंब्याच्या एका जातीचा वाचक झाला, आणि पुढे त्याच्या स्थलसंबंधाविषयी एवढा आग्रह निर्माण झाला की २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन घ्यावे लागले. परंतु हापूस आणि स्नो यांत एक मूलभूत भेद आहे. हापूसचे कलम बांधता येते. कलमाबरोबर झाडाचा सर्व गुणसमुच्चय आणि त्याचे नाव अखंडपणे पुढे जाते. सापाचे कलम होत नाही. प्रत्येक पिढीत गुण विस्कटतात आणि पुन्हा जुळवावे लागतात. म्हणून या व्यवसायात वंशाची नोंद आणि नावाचा प्रामाणिकपणा यांना जे महत्त्व आहे ते आंब्याच्या बागेत नाही.

भारतीय परंपरेत याचे खरे सादृश्य घोड्यांच्या व्यापारात सापडते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणी’ या कोशात घोड्यांच्या रंगांची एक मालिकाच दिली आहे. दुधासारखा शुभ्र तो सेराह, तांबडा तो कियाह, काळा तो खुंगाह. हे शब्द संस्कृत धातूंपासून झालेले नाहीत हे त्यांच्या कानाला लागणाऱ्या ध्वनींवरूनच कळते. पश्चिमेकडून घोडे आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बोलीतून ते आले असावेत, असे विद्वान मानतात. विशेष हे की हेमचंद्राने त्यांच्या व्युत्पत्त्या देताना, हे शब्द बहुतेक देशी आहेत आणि व्युत्पत्ती केवळ अक्षरांचा क्रम ध्यानात राहावा म्हणून दिली आहे, अशा आशयाचे स्पष्टीकरणही केले. बाजाराने शब्द आणला, कोशकाराने त्याची नोंद केली, आणि नोंद करताना त्याचे परकेपण लपविले नाही. आजच्या अभ्यासकाने हा प्रामाणिकपणा अनुसरण्याजोगा आहे.

यावरून लेखाच्या प्रारंभी सूचित केलेला सिद्धांत आता स्पष्टपणे मांडता येईल. प्राण्याशी असलेला माणसाचा संबंध भयाचा किंवा सावधगिरीचा असेल तर भाषा जातिनामे घडविते. तो पैदाशीचा आणि विक्रीचा असेल तर भाषा रंगनामे घडविते. कॉर्न स्नेक हा साप असूनही त्याला घोड्याप्रमाणे रंगनामे मिळाली, याचे कारण त्याच्या कातडीत नाही, त्याच्याशी चाललेल्या व्यवहारात आहे.

७

या सिद्धांताला एक तिसरी शक्यता जोडली पाहिजे. विक्री आहे, पण पैदास नाही, अशा ठिकाणी काय होते? महाराष्ट्रातील मांडूळ हे याचे दुःखद उदाहरण आहे. कोरड्या, भुसभुशीत मातीत राहणारा हा बिनविषारी साप. त्याचे शेपूट तोंडाइतकेच बोथट असते, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. हा शब्द मुळात दिसण्याचे वर्णन होता. परंतु दोन तोंडांचा प्राणी ही कल्पना एकदा शब्दात स्थिरावली की तिच्याभोवती गुप्तधनाच्या, भाग्योदयाच्या आणि औषधी गुणांच्या समजुती गोळा होण्यास वेळ लागत नाही. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी–इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातील मांडुळांच्या जप्तीच्या १७२ घटना नोंदविल्या. त्यांत सर्वाधिक, म्हणजे ५९, महाराष्ट्रातील होत्या. या व्यापारात रंगनामे नाहीत, वंशाची नोंद नाही. भाव मुख्यतः वजनावर सांगितला जातो, आणि जे काही विकले जाते ते रानातून उचललेले असते. विकणाराही पुष्कळदा फसलेलाच असतो, कारण त्याने ज्या गुणाची किंमत मागितली तो गुण त्या जिवात कधी नव्हताच. कॉर्न स्नेकच्या नावात निदान तपासून पाहता येईल असा काही आशय असतो. दुतोंड्या या नावाच्या बाजारी अर्थाला कोणताही आशय नाही. त्याचा भुर्दंड सापाला प्राणाने, आणि लोभाने पकडणाऱ्या गरीब माणसाला तुरुंगाने भरावा लागतो.

कायद्याची भूमिका या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित भारतीय साप पकडणे, पाळणे वा विकणे निषिद्ध आहे. म्हणून तस्कराच्या किंवा मांडुळाच्या रंगांची पैदास हा धंदा येथे कायदेशीरपणे उभा राहू शकत नाही. परदेशी प्राण्यांची स्थिती वेगळी होती. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने कळविण्याची योजना जाहीर केली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील प्राणी नव्या चौथ्या अनुसूचीत घेतले गेले. बॉल पायथन त्या परिशिष्टांत आहे. कॉर्न स्नेक नाही. २०२३ च्या डिसेंबरात बँकॉकहून मुंबईस आलेल्या एका प्रवाशाजवळ महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडविलेले ११ साप सापडले. त्यांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक होते. आयात दोघांचीही बेकायदा. परंतु एकाच सामानातून आलेल्या या दोन प्राण्यांचे वन्यजीव कायद्यातील स्थान भिन्न, आणि हा भेद केवळ शास्त्रीय नावावर आधारलेला. कायदा जातिनाम वाचतो. बाजार रंगनाम वाचतो. स्नो आणि ब्लिझर्ड यांतील भेद कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, आणि बाजाराच्या दृष्टीने तोच सर्वस्व आहे.

अशा प्राण्यांपैकी एखादा पिंजऱ्यातून निसटला तर तो कोणत्या भाषेत पडेल, हा प्रश्न काल्पनिक वाटला तरी निरर्थक नाही. ग्रँड केमन या कॅरिबियन बेटावर बाहेरून आलेले कॉर्न स्नेक रानात स्थायिक झाले आहेत. मुंबईजवळच्या एखाद्या गावात तांबड्या ठिपक्यांचा अनोळखी साप दिसला, तर तेथील व्यवस्थेत त्याला नाव नसेल. नाव नसलेल्या प्राण्याला जवळात जवळचे नाव मिळते हा भाषेचा नियम आहे, आणि अंगभर ठिपके असलेल्या सापाला जवळचे नाव घोणस हेच आहे. मग डुरक्या घोणसाचे जे होते तेच त्याचेही होईल.

८

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथून काही कामे सुचतात. पहिले काम, कर्जत-खालापूर भागातील ठाकर व कातकरी बोलींमधील सर्पनामांचा संग्रह. तो करताना केवळ नामावली उतरून घेणे पुरेसे नाही. प्रत्येक नावाने कोणत्या जाती एकत्र येतात, कोणत्या वेगळ्या पडतात, आणि शिक्षित मराठीत एक मानलेला साप तेथे दोन नावांनी ओळखला जातो काय, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी साप ओळखणारा जाणकार बरोबर असावा, कारण नाव लिहून घेणे सोपे असते, ते नेमके कोणाचे हे ठरविणे कठीण. दुसरे काम, मांडुळाविषयीच्या नव्या-जुन्या शब्दांची कालक्रमाने नोंद. कोणता शब्द शेतकऱ्याचा, कोणता दलालाचा, हे त्यातून स्पष्ट होईल. तिसरे काम, परदेशी पाळीव प्राण्यांच्या बरोबर येणाऱ्या शब्दांचे. ‘मॉर्फ’, ‘हेट’ यांसारखे शब्द मराठी बोलणाऱ्या शौकिनांच्या तोंडी कोणत्या लिंगात, कोणत्या वचनात आणि कोणत्या प्रत्ययांसह येतात, याची नोंद आज सहज करता येईल. पन्नास वर्षांनी ती करणे अवघड जाईल.

शब्दांची नोंद ठेवणे हे काम निरुपद्रवी वाटते. परंतु सापाच्या बाबतीत नाव हे कधी ओळख असते, कधी हमी, आणि कधी निव्वळ आमिष. या तिन्ही प्रसंगी शब्द तोच राहतो, व्यवहार मात्र पालटतो. नावाचा अर्थ सांगताना त्यामागचा व्यवहार कोणता हे जो सांगत नाही, त्याने अर्धाच अर्थ सांगितला असे समजावे.